फक्त मागे जाणारी गाडी

जंगलात निघालोय म्हटल्यावर नाशकात जो भेटेल तो एकच विचारायचा, "वाघ बघायला?" मी सांगायचे, "नाही, बॅटऱ्या बघायला." त्यावर माणसं हसायची आणि माझ्या नवऱ्याकडे, विश्वासकडे, फार सहानुभूतीने बघायची.

माझा धंदाच तसा आहे. गोल्फच्या मैदानावर फिरतात तसल्या बॅटरीच्या बिनआवाजी गाड्या हल्ली कुठेही दिसतात. मोठ्या दवाखान्यांत, देवस्थानांत, लग्नाच्या लॉनवर नवरीला मिरवत आणायला. त्या बंद पडल्या की मला बोलावणं येतं. नवरी हॉलच्या दारात अडकलीय, बँडवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय, आणि मी सीट उचलून वायरी चाचपतेय, असे मुहूर्त मी बरेच काढलेत. विश्वास शाळेत संगीत शिकवायचा. निवृत्त झाल्यापासून माझ्याबरोबर फिरतो. गाडीतलं त्याला काही म्हणता काही कळत नाही. सायकलवरसुद्धा तो पाहुण्यासारखा बसतो. पण माझी हत्यारांची पिशवी तोच उचलतो, कारण बायको ओझं घेऊन पुढे आणि आपण मोकळ्या हातांनी मागे, हे त्याला पटत नाही. त्याच्या या चांगुलपणामुळे पुढचा सगळा घोळ झाला.

सिंदेवाहीच्या अलीकडे

फेब्रुवारी संपत आला होता. चंद्रपूर स्टेशनबाहेर पोह्यांच्या गाडीवर पहिली फजिती झाली. गाडीवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का जी, वरून?" पोह्यांवर सांबार ही कल्पना विश्वासला इतकी आवडली की तो म्हणाला, "भरपूर टाका." त्याच्या प्लेटवर कोथिंबिरीचा ढीग पडला. या भागात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. विश्वास तरीही बराच वेळ वाटीची वाट बघत उभा होता. पोह्यांवरच्या लाल तर्रीने मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं, आणि तो विषय तिथेच संपला.

आम्हाला न्यायला दिवाकरभाऊ मेश्राम आले होते. साठीचे, अंगाने सडसडीत, केस मागे चापून बसवलेले. त्यांची जीप त्यांच्याहून थोडीच लहान असावी. मूलच्या रस्त्याला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की गाडीत काहीतरी गंमत आहे. भाऊंनी ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. डावा इंडिकेटर लावला की वायपर काचेवरून एकदा फिरून यायचा.

मी विचारलं, "भाऊ, हे असं कधीपासून?"

"असंच आहे जी. सवय झाली मले. इंडिकेटर लावला का काच पण साफ होते."

"अर्थिंग खराब झालंय. पाच मिनिटांचं काम आहे. बघू?"

भाऊंनी आरशातून माझ्याकडे नाही, विश्वासकडे बघितलं. त्याच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती. "नाई साहेब, राहू द्या," ते त्याला म्हणाले. "हे गाडी मले समजते अन् मी तिले समजतो. तुमी हात लावसान त् दोघंबी परके होऊन जाऊ."

साहेबांनी समजुतीने मान हलवली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाची रिकामी बांधी, म्हणजे आपली भातखाचरं, मधेच पळस इतका पेटलेला की पानांना जागाच नाही. भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं, त्यांत रडणाऱ्या नायिका आणि तलवारमिशांचे खलनायक. आमच्याकडे नाटकाची जाहिरात पेपरात बोटभर येते. इथे नायिकेचा एक अश्रू माझ्या मुठीएवढा होता.

ज्या रिसॉर्टने बोलावलं होतं ते सिंदेवाहीच्या अलीकडे, जंगलाला टेकून होतं. मॅनेजर खोब्रागडे तरुण आणि टापटीप. गाडीतून उतरताच त्यांनी विश्वासचा हात हातात घेतला. "सर, बरं झालं आलात. पाहुण्यांना खोलीपर्यंत चालत न्यावं लागून राह्यलं."

विश्वासने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, चालू दे. मला या नाटकाची सवय आहे, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटते. मी मदतनीस समजली जाते तोवर कोणी डोक्यावर उभं राहून सल्ले देत नाही.

तीन गाड्या शेडमध्ये उभ्या होत्या. खोब्रागडे विश्वासला म्हणाले, "सर, सकाळी चार्ज फुल दाखवते. पाहुणे बसले, थोडी चढण लागली, का गाडी बसूनच जाते. काय असन?"

विश्वासने चष्मा पुसला. एवढ्या वर्षांत त्याला माझ्या तोंडचं एकच वाक्य पाठ झालं होतं. ते त्याने टाकलं. "पाणी बघितलं का?"

नेमकं तेच निघालं. बॅटऱ्यांची झाकणं उघडली तर पाणी पार तळाला गेलेलं, आणि जे होतं तेही बोअरिंगचं. या बॅटऱ्यांना डिस्टिल्ड वॉटरच लागतं. त्यातून ओळीने जोडलेल्या बॅटऱ्यांत एक जरी मेली तरी ती बाकीच्यांना घेऊन बसते. सपाटीवर लक्षात येत नाही, चढावर गाडी मान टाकते. मी मीटर लावून मेलेली बॅटरी शोधली, बदलली, चार्जरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या त्या नव्या घातल्या. पण खोब्रागडे मात्र सगळ्यांना सांगत सुटले, "सरांनी हात पण नाई लावला. नुसतं पाहून सांगितलं."

रात्रीच्या जेवणाला सिंदेवाहीचा सुवासिक भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण होतं. वाढता वाढता खोब्रागड्यांनी मुद्द्याला हात घातला. त्यांच्या मालकांनी एक जुनी गाडी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका गावाला दिली होती. तिथे गाव आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये नाला आहे. नाल्यावर पूल आहे, पण एवढा अरुंद की जीप जात नाही. आजारी माणसाला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणायचे, म्हणून ही गाडी.

"पण ते बिघडली म्हणतात. काय बिघडलं, फोनवर समजत नाई. तिथली आशाताई म्हणते, चालते. म्हटलं मग बिघडलं काय? तर म्हणते, चालते पण जात नाई. सर, तुम्ही एकदा नजर टाकसान का?"

"सर टाकतील," मी म्हटलं.

मूल ते आलापल्ली

चामोर्शीच्या अलीकडे वैनगंगा ओलांडली. पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती आणि वाळूत कलिंगडांचे वेल. एका टपरीवर चहाला थांबलो. दिवाकरभाऊ ओळखीचा माणूस भेटला म्हणून त्याच्याशी गप्पांत रंगले होते. मला राहवेना. मी गुपचूप बॉनेट उघडलं.

गाडीतल्या विजेची तऱ्हा अशी की बॅटरीतून ती निघते आणि काम करून तिला बॅटरीतच परत जायचं असतं. जायची वाट सगळे तपासतात; परतीची कोणी बघत नाही. परतीची वाट म्हणजे गाडीच्या लोखंडाला कसलेली अर्थिंगची पट्टी. ती गंजली की वीज जिथून जमेल तिथून घरी जाते, आणि वाटेत हॉर्न लागला तर हॉर्न वाजवून जाते. मी पट्टी सोडवली, सँडपेपरने घासून लखलखीत केली, परत कसली आणि साळसूदपणे चहा प्यायला जाऊन बसले. विश्वास सगळं बघत होता. "पाप आहे हे," एवढंच म्हणाला.

आष्टीच्या पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला. भाऊंनी सवयीप्रमाणे ब्रेक दाबला. हॉर्न वाजलाच नाही. शेळ्या हलल्या नाहीत. भाऊ स्टिअरिंगकडे बघत राहिले, पुन्हा ब्रेक, पुन्हा शांतता. मग त्यांनी डावा इंडिकेटर लावून वायपरकडे पाहिलं. वायपर निवांत झोपला होता.

"कोणं हात लावला?"

मी खिडकीबाहेरचं सागवान बघू लागले. विश्वासनेही तेच केलं, पण त्याला खोटं वागता येत नाही. त्याचे कान लाल होतात.

आलापल्लीचं सागाचं जंगल सुरू झालं. सरळसोट खोडं, त्यांमधून पडणारा उन्हाचा पट्टा, आणि खाली वाळलेल्या पानांचा एवढा थर की एखादं जनावर चाललं तर दूरवर ऐकू जावं. आलापल्लीच्या बाजारात भाऊंनी गाडी थांबवून तोंडावर पाणी मारलं.

"बाई," ते मला म्हणाले. पहिल्यांदाच मला. "पयले ते वाजत होती, त् मी जागा राहत होतो. आता मले झोप येऊन राह्यली. तुमी बोलत राहा आता."

मग मी हेमलकशाच्या रस्त्यावर वळेपर्यंत अखंड बोलत होते. हॉर्नची जागा मी घेतली, असं विश्वासचं मत पडलं.

नाल्याच्या पलीकडे

जीप रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ठेवून, भाऊंना तिथेच सोडून आम्ही पायी पुलाकडे निघालो. पूल खरंच चिंचोळा. कठडे गुडघ्याएवढे, खाली खडक आणि त्यांतून वाकडंतिकडं जाणारं पाणी.

पुलाच्या मध्यावर असताना पलीकडून वाजंत्री ऐकू आली. ट्रक मागे घेताना जी किणकिणती धून वाजते ना, तीच. आणि एक गाडी आमच्याकडे आली. पाठमोरी.

या गाड्यांना मागच्या बाजूला एक बाक असतो, त्यावर बसणाऱ्याचं तोंड मागे असतं. त्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ काठी उभी धरून बसले होते, एखाद्या जहाजाच्या नाकावर बसावं तसे. ते हात डावीकडे करायचे, गाडी डावीकडे वळायची. उजवीकडे केला की उजवीकडे. चालवणारी बाई मान पूर्ण मागे वळवून, एका हाताने स्टिअरिंग फिरवत, सुसाट येत होती. आमच्यापुढे वीतभर अंतरावर गाडी थांबली.

"जोहार," ती म्हणाली. "मी चिन्नी. आशाताई. मिस्त्री साहेब हेच का?"

साहेबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, "मिस्त्री मी आहे. हे माझे मालक. ते गाणं शिकवतात."

चिन्नीने आम्हा दोघांना नीट न्याहाळलं. "बरं झालं," ती म्हणाली. "गाणं आमच्या गाडीत पयलेच आहे."

चिन्नी तिशीची, माडिया घरातली. तिचं मराठी शाळेतलं आणि बाजारातलं मिळून झालेलं होतं. तिने दुसरं कुठलंच वाहन कधी चालवलं नव्हतं. गाडी आली तेव्हा थोडे दिवस पुढे चालली, पण तेव्हा ती दुसराच कोणी चालवायचा. मग पुढे जाणं बंद झालं, तो माणूसही कामाला बाहेरगावी गेला, आणि चिन्नीने उरलेल्या गिअरमध्ये शिकून घेतलं.

"म्हणजे रोग्याला असंच नेता? उलटं?"

"उलटं कुठी? रोगी तर सरळच बसते. त्याचं तोंड रस्त्याकडं राहते. उलटी मी बसते."

दुपारी तिच्या अंगणात आंबील प्यायलो आणि लाल मुंग्यांची चटणी खाल्ली. लिंबासारखी आंबट आणि झणझणीत. विश्वासने आधी विचारलं नाही, नंतर विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर क्षणभर थांबून पुन्हा घेतली. नाशकात चटणीत मुंगी निघाली तर आपण बरणी फेकतो. इथे मुंग्यांत मीठ-मिरची घालतात, एवढाच फरक.

मग मी सीट उचलली. गाडीत दोन जाड खटके असतात, आमच्या भाषेत कॉन्टॅक्टर. एक मोटारीला पुढे फिरवतो, एक मागे. पुढचा जळून काळा झाला होता. पिशवीत नवा होता, पण तो बसवायचा तर बऱ्याच वायरी सोडवाव्या लागणार होत्या. बॅटऱ्यांच्या टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला. म्हटलं, आज खटका, उद्या सकाळी टोकं साफ करू.

मी वायरींना चिकटपट्टीच्या खुणा बांधत होते तेवढ्यात एक म्हातारी धावत आली आणि चिन्नीशी माडियात भराभर बोलू लागली. चिन्नीचा चेहरा बदलला.

"मैनीले कळा सुरू झाल्या. तारीख पुढच्या महिन्यात आहे. अंगावरून जाऊन राह्यलं. गाडी पायजे, मॅडम. आत्ता."

म्हातारी मैनीची सासू होती. तिने माझ्या हातातल्या सुट्या वायरींकडे बघितलं.

पूल

चिन्नी फोन घेऊन उंचवट्यावर चढली, खाली आली. अँब्युलन्स निघाली होती, पण लांबून यायची होती. दिवाकरभाऊंची जीप मात्र पुलापलीकडे उभी होती.

"वायरी लाव परत," विश्वास म्हणाला. "उलटी तर उलटी."

"उलटी नको," मी म्हटलं. "चिन्नी मैनीजवळ हवी, म्हणजे गाडी मला घ्यावी लागणार. एवढ्याशा पुलावरून उलटी न्यायला मला जमायचं नाही."

नवा खटका बसवायला वेळ नव्हता. पण या जुन्या मोटारींत एक खुबी असते. मोटारीवरच्या दोन ठराविक केबलींची अदलाबदल केली की चाकं उलट्या दिशेला फिरतात. म्हणजे गाडीला मागे जायला सांगायचं आणि ती पुढे जाते. मी सुट्या वायरी खुणांप्रमाणे परत लावल्या, खाली आडवी झाले आणि केबली बदलल्या. नवरीची गाडी बंद पडते तेव्हा फक्त बँडवाला ओरडतो.

मैनीला चौघींनी उचलून आणलं. विशीची पोर, ओठ दाबून धरलेले. मागच्या बाकावर गोधडी अंथरून तिला सासूच्या मांडीवर कलती बसवली. गाडी मी घेतली. चिन्नी मागे मैनीचा हात धरून पायरीवर उभी. विश्वास बाजूने पळायला तयार. मी दिशेचं बटण 'मागे'वर टाकलं, पाय दाबला, आणि गाडी वाजंत्रीसह पुढे निघाली.

गाव बघत राहिलं. रिव्हर्सची धून वाजतेय आणि गाडी सरळ जातेय, हे त्यांना काही झेपेना. बाकावरून दिशा दाखवणारे म्हातारे गृहस्थ काठी घेऊन आधी गाडीमागे धावले, मग चूक लक्षात येऊन पुढे.

पुलाच्या बरोबर मध्यावर गाडी थांबली.

पाय दाबला. खटक्याचा आवाज आला, गाडी हलली नाही. पुन्हा दाबला. तेच. मागे मैनी पहिल्यांदाच ओरडली. माझं डोकं रिकामं झालं. आत्ताच बदललेल्या केबली सुटल्या असतील का? खाली शिरायला पुलावर जागा नव्हती.

विश्वास सीटला कान लावून वाकला. "पुन्हा दाब."

दाबला.

"सुषमा, हा आवाज मघाचा नाही. गावात 'टक्' होता, भरलेला. हा 'टिक्' आहे. श्वास कमी पडल्यासारखा."

तेवढ्याने माझं डोकं जागेवर आलं. खटका ओढतोय, पण दुबळा. म्हणजे केबली ठीक आहेत. वीजच पुरी पोचत नाही. म्हणजे बॅटरीचं एखादं टोक. मी चावी बंद केली, माझ्या बाजूची सीट उचलली आणि एकेका जोडणीवर हात ठेवत गेले. सैल जोडणीतून जास्त वीज ओढली की ती तापते. मीटरपेक्षा तळहात लवकर सांगतो. तिसऱ्या बॅटरीवर हात चटकन मागे आला.

तिथला फुलोरा मी दुपारी बघितला होता. उद्यावर टाकला होता.

नट सोडला, विश्वासने पिशवीतला चाकू माझ्या हातात ठेवला. न मागता, बरोबर तोच. टोक खरवडलं, आतलं शिसं चमकलं, पान्याने नट करकचून आवळला. सीट खाली. चावी. पाय.

"टक्," विश्वास म्हणाला, गाडी हलायच्या आधीच.

पलीकडे आणखी एक अडचण वाट बघत होती. दिवाकरभाऊंनी रिव्हर्सची धून ऐकली, आणि त्यांना वाटलं एखादं मोठं वाहन मागे येतंय. शहाणपणाने त्यांनी जीप सुरू करून लांब मागे नेली. आम्ही जसजसे पुढे, तसतसे ते मागे. मी हात हलवतेय, ओरडतेय, "भाऊ, थांबा!" ते खिडकीतून ओरडतायत, "तुमी आधी ठरवा, येऊन राह्यले का जाऊन राह्यले!"

शेवटी विश्वास धावत जाऊन जीपच्या मागे आडवा उभा राहिला. मैनी, सासू आणि चिन्नी जीपमध्ये बसल्या. भाऊ आता थट्टेच्या सुरात नव्हते. "बाई, काई काळजी नोका करू," म्हणाले, आणि जीप सागाच्या झाडांमधून दिसेनाशी झाली. धूळ खाली बसली तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो.

दुरुस्ती

रात्रभर काही कळलं नाही. सकाळी उजाडताच मी कामाला लागले, कारण हात रिकामे असले की मन नको तिकडे जात होतं. नवा खटका बसवला, केबली मूळ जागी लावल्या, सगळी टोकं सोड्याच्या पाण्याने धुऊन ग्रीस लावलं. विश्वास झाडाखाली बसून गावातल्या पोरांकडून त्यांचं गाणं शिकत होता. ती मोठ्याने हसत होती. म्हणजे त्याचा उच्चार चुकत असणार.

ऊन चढल्यावर चिन्नी पूल ओलांडून येताना दिसली. चालत, सावकाश. मी उठून उभी राहिले. तिचा चेहरा दमलेला होता, त्यावरून काही ओळखता येईना.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "लहान आहे, पण रडली मोठ्यानं. मैनीचं रक्त लय गेलं. चढवून राह्यले. डॉक्टर म्हणे, वेळेवर आणलं."

मग ती ओट्यावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी जवळ जाऊन बसले.

थोड्या वेळाने तोंड धुऊन ती गाडीकडे वळली. मी अभिमानाने चावी तिच्या हातात दिली. "आता पुढे जाते. चालवून बघ."

चिन्नी बसली. बटण पुढे केलं, पाय दाबला, आणि सवयीने मान मागे वळवली. गाडी पुढे निघाली, चिन्नी मागे बघतेय. स्टिअरिंग तिने नेहमीच्या हिशोबाने फिरवलं आणि गाडी शांतपणे, अजिबात आवाज न करता, धानाच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, ढिगात शिरली.

ढिगातून आधी एक कोंबडी बाहेर आली, मग चिन्नी. केसांत तणस, कमरेवर हात.

"मॅडम," ती म्हणाली, "बिघडवून टाकली तुमी गाडी."

गावाने तिचीच बाजू घेतली. म्हातारे गृहस्थ तर माझ्याशी बोलेनात. मी त्यांची नोकरी घालवली होती. पुढचे काही दिवस मी चिन्नीला सरळ चालवायला शिकवत बसले. मान पुढे ठेवायला तिला जड जायचं. "समोरचं दिसतेच ना मॅडम, ते काय पाहायचं?" ती विचारायची. विश्वास बाजूच्या सीटवर बसून तिला ताल धरून देई. त्याने स्वतः कधी गाडी चालवलेली नाही, पण शिकवण्याची हौस दांडगी. तणसाचा ढीग रोज थोडा बुटका होत गेला.

निरोप

आमचा निघायचा दिवस आणि मैनीचा घरी यायचा दिवस एकच पडला. भाऊ जीपमधून तिला घेऊन येणार होते आणि त्याच जीपने आम्ही परत जाणार होतो.

चिन्नी आणायला गेली तेव्हा अख्खं गाव पुलाच्या अलीकडे जमलं होतं. ती पुढे बघत, जीभ दातांत धरून, पुलावरून सरळ गेली. कठड्याला कुठे शिवली नाही. विश्वासने टाळ्या वाजवल्या, त्याच्याबरोबर पोरांनीही.

पलीकडे जीप आली. मैनीला गाडीत बसवताना दिसलं. वळायला तिथे भरपूर जागा होती, मी मुद्दाम दाखवून ठेवली होती. आणि तरीही वाजंत्री सुरू झाली.

गाडी मागेमागे येत होती. बाकावर मैनी, तिच्या मांडीवर लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पोर, शेजारी सासू. त्यांच्या डोक्यांवरून मान वळवून आमच्याकडे बघणारी चिन्नी, डोळे मिटून आले असते तरी आलेच असते असा तोरा. म्हातारे गृहस्थ लगबगीने पुढे झाले आणि काठी डावी-उजवीकडे नाचवू लागले. गाडी आमच्यासमोर, वीतभर अंतरावर, थांबली.

"अगं, एवढं शिकवलं," मी म्हटलं. "काऊन गं उलटी आणलीस?"

चिन्नीला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

"मॅडम, पोरगी पयल्यांदा येऊन राह्यली ना. तिले समोर गाव दिसलं पायजे. सरळ आणली असती त् तिले नाला दिसला असता."

मी वाकून लुगड्याच्या तुकड्यात डोकावले. पोर गाढ झोपली होती.